वजनकाट्यामागून येणारी बाई

माझी बायको सुचित्रा गेल्या सप्टेंबरात वारली. जानेवारीत देवीलाल नावाच्या शिकाऊ गार्डाने तिच्यावर बंदूक चालवली. बंदूक खोटी होती आणि सुचित्राही चष्म्यातली होती, खरी नव्हती. पण तिला पडताना पाहून माझ्या हातातला चहा सांडला, आणि पुढे मी जे चुकीचं वागलो त्याची सुरुवात तिथून झाली.

आमचं केंद्र वणीहून राजूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कोळशाच्या साइडिंगवर, म्हणजे वॅगन भरतात त्या रुळांपाशी, आणि बँकेच्या गाड्यांवर जे बंदूकधारी गार्ड लागतात, त्यांना आम्ही तयार करतो. मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि अकरा वर्षांपूर्वी इथे फायरिंग शिकवायला लागलो. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, इथेही तेच नाव पडलं. आधी आम्ही पुठ्ठ्याच्या माणसांवर नेम धरायला लावायचो. पुठ्ठ्याचा माणूस हलत नाही, शिव्या देत नाही, हात जोडत नाही. त्यामुळे पोरं नेम शिकायची, पण बंदूक कधी चालवायची नाही हे शिकायची नाहीत. गार्डाला खरं तर तेच जास्त लागतं. मी पहिल्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट सांगत आलो. समोरच्याचं तोंड पाहू नका, कपडे पाहू नका, हात पाहा. जे करायचं ते माणूस हाताने करतो.

दोन वर्षांपूर्वी चष्मा आला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण केंद्रात सगळे चष्माच म्हणतात. तो डोळ्यांवर बांधला की आमचं रिकामं टिनाचं शेड दिसेनासं होतं आणि साइडिंग दिसू लागतं. रूळ, कोळशाचे ढीग, दिवेलागणीचा उजेड, लांब उभा असलेला डंपर. शेडमध्ये प्लायवूडची एक भिंत उभी केली आहे. चष्म्यात तीच भिंत वजनकाट्याच्या खोलीची दिसते, विटांची. हात लावला तर हाताला लागते, तिच्या आडोशाला उभं राहता येतं. हातातली बंदूक वजनाला खऱ्या बारा बोअरइतकी, आणि घोडा ओढला की गॅसने खांद्याला तसाच दणका बसतो. पहिल्या दिवशी धडधाकट पोरं घामाने भिजून बाहेर येतात. एकाला तर उलटी झाली होती. चष्मा घातलेल्याला जे दिसतं ते आम्हाला बाहेर मोठ्या पडद्यावर दिसतं, आणि नंतर तेच पुन्हा दाखवून कुठे चुकलं ते विचारता येतं.

यंत्र नागपूरच्या एका कंपनीचं होतं. त्यांचा इंजिनियर स्वानंद महिन्यातून एकदा यायचा. त्यांच्याकडे बनवलेली जी माणसं होती ती सगळी शहरातली. आमच्या साइडिंगवर वॅगनमधून सांडलेला कोळसा वेचायला बाया येतात. टोपलं नाहीतर पोतं घेऊन, ढिगाच्या नाहीतर काट्याच्या मागून अचानक पुढे येतात. गार्ड दचकतो. कधी त्यांच्या आडून सळया घेतलेली माणसंही येतात. म्हणून अशी एक बाई चष्म्यात हवीच, असं मी केंद्राच्या प्रमुख अनघा मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या नागपूरहून कोणी नटी बोलावू. मी म्हणालो, कशाला, माझी मिसेस करेल.

घरी सांगितलं तर सुचित्रा हसतच सुटली. "अहो, माझे बाबा तहसील कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या मुलीला कोळसा चोरायला लावता?"

"चोरायचा नाही. वेचायचा."

"तुमच्या त्या गार्डांना फरक कळतो का?"

"तेच तर शिकवायचं आहे."

"मग करते," ती म्हणाली.

मे महिना होता. केंद्रात झाडलोट करणारी गंगी आधी कोळसा वेचायला जायची. तिने स्वतःचं हिरवं लुगडं आणलं, सुचित्राला नेसवलं आणि चालायला शिकवलं. "असं नाही बाई. डोक्शावर ओझं हाये तुमच्या. तुम्ही तर देवळात चालल्यासारख्या चालून राह्यल्या." सगळे हसले, सुचित्रा सगळ्यांत जास्त.

स्वानंदने शेडमध्ये गोल करून कॅमेरे लावले होते. दिव्यांमुळे आत भट्टी झाली होती आणि आवाज नको म्हणून पंखे बंद. काम एवढंच होतं. डोक्यावर टोपलं, ते उजव्या हाताने धरायचं, भिंतीमागून बाहेर यायचं, आठ पावलं चालायचं आणि मध्ये डावा हात पदराआड नेऊन तंबाखूचा बटवा काढायचा. पाहणाऱ्याला क्षणभर वाटलं पाहिजे की हत्यारच काढते आहे. पुढचे दोन प्रकार आम्ही सकाळीच उरकले होते. गोळी लागली तर ती गादीवर पडते. पडल्यावर तिला हसू आलं होतं, ते हसू त्यांनी नंतर कापून टाकलं. आणि "हात वर" म्हटलं तर टोपलं टाकून दोन्ही हात वर करते. ते मात्र आता चालण्याला जोडूनच पुन्हा घ्यायचं होतं, कारण सकाळी तिने हात वर करताना माझ्याकडे पाहून डोळा मारला होता.

बटव्याचं मात्र जमेना. ती हात घालायची ते कपाटातून वाटी काढावी तसं. स्वानंद पुन्हा पुन्हा करायला लावायचा. सतरा-अठरा वेळा झालं असेल. मग ती म्हणाली, "मी जरा बसू का हो?"

मी म्हणालो, "एकदाच अजून. मग बस, चहा घे."

ती पुन्हा भिंतीमागे गेली आणि बाहेर आली. पाचव्या पावलाला तिचा हात पदराआड गेला. बटवा काढलाच नाही, हात तिथेच ठेवून उरलेली तीन पावलं चालली. तोंड थोडं उघडलं. तेवढ्यात स्वानंदने खूण केली आणि मी ठरल्याप्रमाणे ओरडलो, हात वर. टोपलं पडलं, हात वर झाले.

स्वानंद तर खूशच झाला. "काकू, एक नंबर! बटवा नाही काढला तेच भारी झालं. आता कोणालाही कळणार नाही."

मीही म्हणालो, "शिकलीस की."

"घामानं जीव गेला माझा," ती म्हणाली आणि बराच वेळ पोत्यावर बसून राहिली. मी कॅमेरे उचलायला मदत करत होतो.

सप्टेंबरात एका सकाळी दोरीवर कपडे वाळत घालताना ती पडली. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी छातीत दुखलं होतं का. मी म्हणालो, नाही. मी खोटं बोललो नाही. मला तसंच वाटत होतं.

तिचे दिवस झाल्यावर कामावर आलो तेव्हा अनघा मॅडमनी विचारलं, "नंदकिशोरजी, सुचित्राताईंचा तो प्रसंग काढून टाकायला सांगू का स्वानंदला?" मी नको म्हणालो. घरात तिचे फोटो होते, पण फोटोत माणूस चालत नाही. ती चालायची ते आता त्या टिनाच्या शेडमध्येच.

मग जानेवारीची बॅच आली आणि देवीलालने तिला मारलं. छर्रे कुठे लागले ते पडद्यावर लाल ठिपक्यांनी दिसतं. ती पडली, आणि मला तिच्याकडे काठी दाखवून रोजचे प्रश्न विचारावे लागले.

"बाईच्या हातात काय होतं?"

"मालूम नाही उस्ताद."

"मालूम नाही, तं मारलं काहून?"

"तिचा हात आत गेला नं उस्ताद. मले वाटलं कट्टा काढून राह्यली."

त्याची चूक नव्हती. चुका करायलाच तर तो चष्मा घालत होता. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी मारलं. बॅच दोन आठवड्यांची असते. ते दोन आठवडे ती रोज पडत होती, आणि मी रोज काठी घेऊन पडद्याजवळ उभा राहत होतो. कोणाला काही सांगितलं नाही. घरी जाऊन भात टाकायचो आणि न जेवता झाकून ठेवायचो. पण एक खरं आहे. ती पोरं हळूहळू शिकली. बॅच संपता संपता देवीलाल थांबायला लागला, हात पाहायला लागला. सुचित्राने त्याला ते शिकवलं, असं मी तेव्हा म्हणायला हवं होतं. मी फक्त सुटका झाली असं समजलो.

मार्चच्या बॅचमध्ये नऊ जण होते. पहिल्या दिवशी चहाच्या वेळी पियूष नावाचा मुलगा म्हणाला, "उस्ताद, ते हिरव्या लुगड्यावाली बाई लय डेंजर हाये म्हणे. देवीलालनं सांगतलं मले. आत गेल्या गेल्या तिले पाहून घेतो मी."

मी म्हणालो, "तिले काही करायचं नाही. माही बायको हाये ते."

नौशाद, वणीतल्या एका मेकॅनिकचा मुलगा, त्याने कप खाली ठेवला. "हाये म्हणजे, उस्ताद?"

"होती," मी म्हणालो.

तोंडातून गेलं ते गेलं. मला ते परत घेता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं, की असो, चष्म्यात ती कोणी नाही, तुम्ही हात पाहा. मी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून तिला एकही छर्रा लागला नाही. नौशाद भिंतीच्या आडून डोकावायचा, हिरवं लुगडं दिसलं की बंदूक खाली करायचा आणि म्हणायचा, "सलाम चाची. हात वर!" बाहेर पडद्यासमोर हशा व्हायचा. पियूष एकदा म्हणाला, "काकू, ऊन हाये, घरी जा नं." सुचित्राने हात वर केले की पोरं माना डोलवायची. त्यांनी तिला आपली मानली होती. मला फार बरं वाटायचं, ते कशाला लपवू. चष्म्यातली बाकीची माणसं, सळईवाला, दारुडा, पळणारा ड्रायव्हर, त्यांच्यावर चुका व्हायच्या. हिच्यावर नाही. इतर बॅचमधली पोरं हा प्रसंग सोडवायला पाच-सहा सेकंद घ्यायची, ही दोन सेकंदात मोकळी होत होती. कॉम्प्युटर त्यांना पैकीच्या पैकी गुण देत होता आणि मी त्या कागदांवर सह्या करत होतो.

मिताली पाचव्या दिवशी आली. उमरखेडची मुलगी, घरात भावाचा साखरपुडा होता म्हणून उशीर झाला होता. चहाच्या वेळचं बोलणं तिने ऐकलेलं नव्हतं आणि पोरांनी तिला सांगितलंही नव्हतं. कदाचित मुलगी म्हणून ती त्यांच्यात बसत नव्हती, एवढंच असेल.

ती आल्यापासून तिसऱ्या दिवशी तिच्या वाट्याला तो प्रसंग आला. ती भिंतीला खांदा लावून उभी राहिली. सुचित्रा बाहेर आली. मितालीने बंदूक खांद्याला घेतली, बोट मात्र घोड्याबाहेर ठेवलं. सुचित्राचा हात पदराआड गेला. मागे पियूष कुजबुजला, "गेली आता." मी डोळे मिटून घेतले. आवाज झाला नाही. मग मितालीचा आवाज आला, "थांब बाई. हात वर." टोपलं पडल्याचा आवाज आला. सहा सेकंद लागले होते. बॅचमधला सगळ्यांत जास्त वेळ.

तिने चष्मा काढला. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "बाईच्या हातात काय होतं?"

"काहीच नव्हतं, उस्ताद."

"तुले कसं समजलं?"

"तिच्या छातीत दुखून राह्यलं होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय म्हणाली?"

ती उठून पडद्यापाशी गेली. हुशार मुलगी, चुकलं असेल तर पटवून द्यावं अशा आवाजात बोलत होती. "हे पाहा नं. काही काढायचं असलं तर माणूस बोटं उघडी ठेवते, पकडायसाठी. हिनं मूठ दाबली छातीवर. तोंड पाहा. आणि मी हात वर म्हटलं, तं उजवा पूर्ण वर गेला, डावा खांद्यापर्यंतच. माही आत्या असंच करे. गॅस झाला म्हणे. आम्ही काही ऐकलं नाही तिचं, तशीच गाडीत टाकून नांदेडले नेली. म्हणून वाचली ते."

नौशादने तिला कोपर मारलं. "चूप बस नं."

"काहून? खोटं सांगून राह्यली काय मी?"

"बरोबर हाये तुझं," मी म्हणालो. "बस खाली."

त्या दिवशी मी वर्ग लवकर सोडला. सगळे गेल्यावर पडद्यावर तो प्रसंग लावला. दीडदोनशे वेळा तरी पाहिला असेल तो मी आतापर्यंत. पण मी तिचं लुगडं पाहत होतो, चालणं पाहत होतो, तोंड पाहत होतो. हात पाहिलाच नव्हता. मितालीने सांगितलं ते सगळं तिथे होतं. मूठ होती. डावा हात खांद्याशी अडकलेला होता. मेमध्ये मी त्या हातापासून दहा पावलांवर उभा होतो आणि शिकलीस म्हणून तिचं कौतुक केलं होतं. मेपासून सप्टेंबरपर्यंत चार महिने होते. यवतमाळ काही लांब नाही, नागपूरही नाही. कोणत्याही दिवशी नेता आलं असतं. डॉक्टरांना मी नाही म्हणालो, ते आठवून मी तिथेच खुर्चीवर बसून राहिलो. चौकीदार दार लावायला आला तेव्हा उठलो.

घरी जाऊन दुसरी गोष्ट लक्षात आली. मिताली सोडून बाकी आठ जणांनी त्या बाईच्या हाताकडे एकदाही पाहिलेलं नव्हतं. त्यांना गरजच नव्हती. तोंड पाहू नका म्हणून शिकवणाऱ्या माणसाने त्यांना एक तोंड ओळखायला शिकवलं होतं. आणि येत्या सोमवारी बॅच संपून ती आठही पोरं खऱ्या बंदुका घेऊन खऱ्या साइडिंगवर उभी राहणार होती.

गुरुवारी स्वानंद आला. मी त्याला विचारलं, "त्या जागी दुसरी कोणी बाई लावता येते का? तेच चालणं, तोच हात."

"तासाभराचं काम आहे, काका. पिवळ्या साडीतली एक आहे माझ्याकडे. ती बटवाही काढते व्यवस्थित."

"लाव. पोरांना सांगू नको."

मी बाजूला उभा राहिलो. पियूष आत गेला. पिवळी साडी भिंतीमागून आली, हात आत गेला, आणि पियूषने मारलं. बटवा जमिनीवर पडला. त्याच्यानंतरच्याने मारलं. त्यानंतरच्यानेही. आठांपैकी सहा जणांनी त्या बाईला मारलं. उरलेले दोघे घाबरून गोठले होते, त्यांनी काहीच केलं नाही. मितालीने पाच सेकंद घेतले आणि हात वर करायला लावले.

नौशाद चष्मा काढून बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. "उस्ताद, आज चाची नव्हती नं."

"चाची नव्हती, तं?"

"तं... हात आत गेला तिचा." चष्मा टेबलावर ठेवत म्हणाला, "आमच्या गल्लीतल्या बाया जातात साइडिंगवर."

मी त्याला काही रागावलो नाही. कोणत्या तोंडाने रागावणार होतो?

अनघा मॅडमच्या टेबलावर नऊ प्रमाणपत्रं तयार होती. खाली माझ्या सह्या. मी ती त्यांच्यापुढे उलटी करून ठेवली आणि सगळं सांगितलं. चहाचं बोलणं, दोन सेकंद, पिवळी साडी.

"नंदकिशोरजी, दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी समजू शकले असते," त्या म्हणाल्या. "तुम्ही?"

"चुकलं, मॅडम. राजीनामा देतो."

"राजीनामा देऊन तुम्ही घरी बसाल. या पोरांना कोण शिकवणार?" त्यांनी आपला वाचायचा चष्मा काढून डोळे पुसले. त्या सुचित्राला ओळखत होत्या, संक्रांतीला घरी यायच्या. "मिताली जाऊ दे सोमवारी. बाकीच्या आठांना पंधरा दिवस थांबवते. खाणीला मी कळवते, कारणही खरं तेच कळवते. तुमच्या नावाने ते लिहावं लागेल."

"लिहा."

"आणि सुचित्राताईंना काढावं लागेल."

मी उलटी ठेवलेली प्रमाणपत्रं सारखी करू लागलो.

"मी आधीच विचारलं होतं तुम्हाला. तेव्हा तुमच्यासाठी विचारलं होतं. आता कामासाठी काढावं लागतं आहे. देवीलालच्या बॅचनं या पोरांना सांगितलं, ही पोरं पुढच्यांना सांगतील. हिरव्या लुगड्यातली बाई म्हणजे उस्तादांची बायको. ज्या बाईला सगळे ओळखतात तिच्यावर काय शिकवणार?"

त्यांचं बरोबर होतं. मी पोरांना तिला मारू दिलं असतं, तर ती राहिली असती. रोज पडली असती आणि रोज पुन्हा भिंतीमागून आली असती, पुढची अनेक वर्षं, आणि तिच्यामुळे किती पोरं हात पाहायला शिकली असती. एवढं मला जानेवारीत कळलं नाही. तिचा त्रास वाचवतो आहे असं मला वाटत होतं. ज्या दिवशी तिला खरंच त्रास होत होता, त्या दिवशी मी तिला पुन्हा चालायला लावलं होतं.

शनिवारी दुपारी स्वानंदने काम काढलं. पोरं जेवायला गेली होती. तो लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, "काका, या फाइल्स मी तुम्हाला देऊ शकत नाही, त्या या यंत्राशिवाय चालतही नाहीत. पण काढायच्या आधी तुम्हाला आत जायचं असेल तर जा. मी थांबतो."

पोरांना देतो तो चष्मा मी बांधला. बंदूक घेतली नाही. दिवेलागणीचं साइडिंग समोर आलं. मी गार्डाच्या जागी जाऊन उभा राहिलो. चित्रण झालं त्या दिवशीही त्याच जागी मी उभा होतो, तिला नजर कुठे ठेवायची ते कळावं म्हणून.

ती वजनकाट्यामागून आली. पडद्यावर ती लहान दिसते, इथे तिच्या उंचीची होती. गंगीने शिकवलं तशी चालत होती, मान ताठ ठेवून. गार्डाकडे म्हणून ती माझ्याकडे पाहत होती. एक, दोन, तीन, चार पावलं. पाचव्याला हात छातीवर गेला आणि मूठ दाबली गेली.

"सुचित्रा," मी म्हणालो, "बस खाली. राहू दे ते सगळं. बस."

यंत्राला "थांब" आणि "हात वर" एवढंच कळतं. ती उरलेली तीन पावलं चालली. मूठ तशीच होती. मी पुढे झालो आणि टोपल्याला हात द्यायला गेलो, हाताला काही लागलं नाही. आठ सेकंद झाले आणि सगळं काळं झालं. मग पांढरी अक्षरं आली. आदेश दिला नाही. अनुत्तीर्ण.

मी चष्मा काढला. स्वानंद लॅपटॉपकडे पाहत होता, माझ्याकडे नाही.

"काका, अजून एकदा लावू?"

"नको. काढ आता."

त्याने दोन बटणं दाबली. मी तिथेच उभा राहिलो. तासाभराचं काम असेल अशा हिशोबाने खुर्ची ओढली आणि विचारलं, किती वेळ लागेल.

"झालं, काका," तो म्हणाला.